कीबोर्ड तुमचा, फाइल गिऱ्हाइकाची

“नमस्कार ताई. नागपूरच्या महाल भागात माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे, २८ वर्षं झाली. वय ६१. लग्नपत्रिका, कोर्टाचे कागद, विद्यापीठातल्या पोरांचे प्रबंध, हे माझं काम. टायपिंग मी रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर शिकलो, मराठीत मिनिटाला ४० शब्दांचा वेग अजून आहे. कॉम्प्युटर २०११ चा, विंडोज ७, पानं मांडायला पेजमेकर, मराठीला कृतिदेव फॉन्ट आणि टीव्हीएस गोल्डचा तो खटखट वाजणारा कीबोर्ड. चालू व्हायला दहा मिनिटं लागतात, रोज सकाळी तारीख मागे गेलेली असते, पण काम अडत नाही.

पोरगी मिहानमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दिवाळीत तिनं मला लॅपटॉप आणून दिला. दोन दिवस वापरला आणि कपाटात ठेवला. बटणं हाताला लागत नाहीत. पडदा तिनं काळा करून दिला, त्यावर पांढरी अक्षरं, डोळे दुखतात. ती म्हणते, इंग्रजी अक्षरांत लिहा, आपोआप मराठी होते. मला ते जमत नाही. एका रविवारी मी घरी जेवायला गेलो, तर तिनं दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचे सगळे आयकॉन उचलून फोल्डरं लावून दिली. सोमवारी गिऱ्हाईक समोर उभं आणि मला फाइल सापडेना. मी फोनवर तिच्यावर ओरडलो. तेव्हापासून ती दुकानात येऊन नाही राहिली.

आता खरं सांगतो. मागच्या महिन्यात एका पोराला प्रबंध टाइप करून पेनड्राइव्हमध्ये दिला. त्याच्या गाइडच्या कॉम्प्युटरवर सगळी इंग्रजी एबीसीडी निघाली. पोरगा रडकुंडीला आला होता. ज्याला जे आवडते ते त्यानं वापरावं, एवढंच मी मानतो. पण त्या पोराचं तोंड डोळ्यासमोरून जाऊन नाही राहिलं. माझं चुकते का?”

एक टायपिस्ट, महाल, नागपूर

काका, नमस्कार.

ज्याला जे आवडतं ते त्यानं वापरावं, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ते कुठपर्यंत लागू होतं, एवढंच आपण बघू. तुमच्या टेबलावर जे राहतं, म्हणजे कीबोर्ड, पडदा, माउस, आयकॉनांची जागा, त्यात शेवटचा शब्द तुमचा. टेबलावरून उठून जे गिऱ्हाइकाच्या पिशवीत जातं, त्यात शेवटचा शब्द त्याचा. तो प्रबंध पोराच्या पिशवीत गेला आणि तिथे घोळ झाला. तुमच्या कीबोर्डाचा त्यात काही दोष नाही. तुम्ही आणि तुमची मुलगी मात्र दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून भांडताय. तिला वाटतं सगळंच बदलायला हवं, तुम्हाला वाटतं कशालाच हात लावू नये.

कीबोर्डापासून सुरू करते, कारण तो तुमच्याकडून कोणी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्या कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्प्रिंगचा स्वतंत्र स्विच असतो. बटण जवळपास चार मिलिमीटर खाली जातं आणि निम्म्या वाटेतच खट् होऊन अक्षर उमटतं. ते खट् बोटाला कळतं, कानाला कळतं, म्हणून नजर समोरच्या हस्तलिखितावरून हलत नाही. लॅपटॉपचं बटण जातं जेमतेम एक-दीड मिलिमीटर. टंकलेखन यंत्रावर तयार झालेलं बोट तिथे दर अक्षराला तळावर आपटतं. तासभर पत्र लिहिणाऱ्याला काही वाटणार नाही, पण तुमच्यासारख्या दिवसभर टाइप करणाऱ्याला तो फरक संध्याकाळी मनगटात जाणवतो. बटणं हाताला लागत नाहीत, ही तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि तिचा वयाशी काही संबंध नाही.

मला वाईट याचं वाटलं की हाच कीबोर्ड त्याच लॅपटॉपला जोडता येतो, हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. यूएसबीची पिन असेल तर सरळ खोचा आणि टाइप करा. जुन्या पद्धतीची गोल जांभळी पिन असेल तर यूएसबीचा कन्व्हर्टर लागेल. बर्डीच्या बाजारात घ्यायला जाल तेव्हा आत चिप असलेला मागा. नुसता पिनेचा आकार बदलणारा सांधा स्वस्त मिळतो, पण तो सगळ्या कीबोर्डांना चालत नाही. जाताना कीबोर्ड सोबत न्या आणि दुकानातच जोडून बघा. तुमचा जुना मॉनिटरही लॅपटॉपला जोडता येईल. तो व्हीजीएचा असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्यावा लागेल. मग लॅपटॉप बाजूला झाकण मिटून पडून राहील आणि तुमच्यासमोर तुमचाच पडदा, तुमचाच कीबोर्ड असेल. झाकण मिटल्यावर मशीन झोपू नये म्हणून एक सेटिंग बदलावं लागतं. ते मुलीकडून करून घ्या.

आता रेमिंग्टन. १८७४ साली अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीनं शोल्स यांचं टंकलेखन यंत्र विकायला काढलं. त्याच कंपनीचं नाव आपण मराठीतल्या अक्षरांच्या मांडणीला लावतो. इंग्रजीतली ती जुनी मांडणी बदलावी म्हणून ऑगस्ट ड्वोराक यांनी १९३६ मध्ये नव्या मांडणीचं पेटंट घेतलं. सगळ्यात जास्त लागणारी अक्षरं मधल्या ओळीत, बोटं विसावतात तिथेच. हिशेबानं ती चांगलीच होती. तरीही जगातले बहुतेक कीबोर्ड आजवर जुन्याच मांडणीचे निघतात, कारण हातात बसलेला वेग ही वर्षानुवर्षांची कमाई असते आणि ती कोणी सहजासहजी सोडत नाही. तुमचा ४० चा वेग तशीच कमाई आहे. इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी करायची पद्धत मोबाइलवर चार ओळी लिहिणाऱ्याला सोयीची आहे. तुम्हाला ती शिकवणं म्हणजे आयुष्यभर उजव्या हातानं लिहिणाऱ्याच्या डाव्या हातात पेन देणं. तो आग्रह मुलीनं सोडावा. दुकानात हाताखाली एखादा नवा पोरगा घ्याल तेव्हा त्याला मात्र इनस्क्रिप्ट शिकवा. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, अशी ती मांडणी सरकारनं १९८६ मध्ये प्रमाण केली. ती प्रत्येक नव्या कॉम्प्युटरवर आधीपासून असते आणि कोऱ्या हाताला पटकन बसते.

इथवर सगळं टेबलावरचं झालं. आता पिशवीतलं.

त्या पोराच्या गाइडला एबीसीडी का दिसली, हे नीट समजून घ्या. ते कळलं की पुढचं सगळं तुम्हाला आपोआप पटेल. कृतिदेवमध्ये तुम्ही ‘नागपूर’ टाइप करता तेव्हा कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठी काहीच नसतं. तो साठवतो यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे, ही सहा इंग्रजी अक्षरं. कृतिदेवचा फॉन्ट त्या सहा अक्षरांवर न, काना, ग, प, दीर्घ उकार आणि र यांचे चेहरे चढवतो. तुमच्या मशीनवर फॉन्ट आहे, म्हणून तुम्हाला चेहरे दिसतात. गाइडच्या मशीनवर तो नव्हता, म्हणून खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडली. ज्यांनी हे फॉन्ट बनवले त्यांना मी मुळीच नावं ठेवणार नाही. त्या काळच्या फॉन्टमध्ये जेमतेम अडीचशे खण असत. तेवढ्यात अख्खी देवनागरी, जोडाक्षरांसकट, बसवणं हे मोठं डोक्याचं काम होतं. मराठी छपाई कॉम्प्युटरवर आली ती याच फॉन्टांच्या खांद्यावर.

यावर उपाय म्हणजे युनिकोड. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, जगभर एकच क्रमांक असतो. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. विंडोजमध्ये ही सोय ‘विंडोज २०००’ या आवृत्तीपासून आली. युनिकोडमध्ये टाइप केलेलं ‘नागपूर’ कोणत्याही फॉन्टात उघडा, मोबाइलवर पाठवा, ते ‘नागपूर’च राहतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये निघाली आणि तिला युनिकोड देवनागरी कळत नाही. म्हणजे गिऱ्हाइकाला द्यायची फाइल पेजमेकरमध्ये करता येणार नाही. ती वर्डमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये करावी लागेल.

तुम्ही म्हणाल, पीडीएफ करून देतो की. छापायला पीडीएफ उत्तम, कारण फॉन्ट तिच्यातच बांधलेला असतो. पण त्या पीडीएफमध्ये गाइडनं एखादा शब्द शोधला तर सापडणार नाही, आणि एखादा परिच्छेद उचलून दुसरीकडे डकवला की पुन्हा तीच एबीसीडी. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्यांना दिसत नाही असे विद्यार्थी, वकील, शिक्षक कॉम्प्युटरवर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात. एनव्हीडीए नावाचं एक तर फुकट मिळतं. युनिकोडमधला मराठी मजकूर ते मराठीत वाचतं. कृतिदेवमधला मजकूर त्यांच्या कानात इंग्रजी अक्षरांचा कडबा होऊन पडतो. तुम्ही जीव ओतून शुद्ध टाइप केलेला प्रबंध त्या माणसासाठी लिहिलाच गेलेला नसतो.

यात माझा स्वतःचा जीव अडकलेला आहे. माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर आपल्या आठवणी टाइप करून घेतल्या होत्या, १३० पानं. एक छापील प्रत कोणी वाचायला नेली ती परत आलीच नाही. उरली सीडी. ते गेल्यावर चार वर्षांनी मी ती उघडली, तर पडद्यावर चिन्हांचा चिखल. टाइप करणारं दुकान केव्हाच बंद झालं होतं. फाइलीत फॉन्टचं नाव दिसत होतं, पण तो फॉन्ट कुठे मिळेना. दीड वर्ष मी दुकानं पालथी घातली. शेवटी इतवारीतल्या एका वयस्कर डीटीपीवाल्यांच्या जुन्या मशीनमध्ये तो निघाला. त्यांनी फाइल उघडली, आणि आजीच्या घरच्या विहिरीचं वर्णन मराठीत समोर उभं राहिलं. मी तिथेच रडले. त्यांनी माझ्याकडून एक पैसा घेतला नाही.

म्हणून काका, तुमचं जुनं मशीन भंगारात द्या असं मी कधीही म्हणणार नाही. २८ वर्षांत तुम्ही जमवलेले फॉन्ट आणि फायली म्हणजे महालातल्या कितीतरी घरांचे कागद आहेत. कोणाचं मृत्युपत्र, कोणाचं खरेदीखत, कोणाच्या वडिलांच्या आठवणी. ते मशीन जगवायचं आहे. फक्त त्याचं काम बदलायचं आहे.

विंडोज ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं १४ जानेवारी २०२० पासून बंद झालं. ज्या मशीनवर फक्त तुम्ही एकटे बसता त्याची गोष्ट वेगळी असती. तुमच्या दुकानात दिवसाला वीस पेनड्राइव्ह येतात आणि प्रतिज्ञापत्रासोबत लोकांचे आधार, पॅन, सातबारा त्या मशीनमधून जातात. एका पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस तुमच्याकडे मुक्काम करत नाही, पुढच्या गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर बसून त्याच्या घरी जातो. तेव्हा जुन्या मशीनची इंटरनेटची वायर काढून टाका, कायमची. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी लॅपटॉपला लावा आणि तपासून घ्या. विंडोजसोबत आलेली तपासणी त्याला पुरते. जुन्या मशीनवर काही न्यायचंच असेल तर तुमच्या स्वतःच्या, फक्त त्या कामाच्या पेनड्राइव्हनं न्या. कोणी तुम्हाला जुन्या मशीनवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाकायला सांगेल. ते चांगलं आहे, कोर्टांच्या कॉम्प्युटरांवरही उबुंटू नावाचं लिनक्सच चालतं. पण पेजमेकर तिथे भरवशानं चालणार नाही आणि हे मशीन आपण ठेवतोय ते पेजमेकरसाठीच.

लग्नपत्रिका खुशाल जुन्या मशीनवर, जुन्या फॉन्टात करत राहा. तिथे गिऱ्हाईक कागद घेऊन जातो, फाइल नाही. पत्रिकेच्या अक्षरांत तुमची जी नजर आहे, वेलबुट्टीशेजारी कोणतं वळण शोभतं, गणपतीच्या खाली किती जागा सोडायची, ती तुमची कला आहे आणि जुन्या फॉन्टांत तिला जितकी वळणं मिळतात तितकी युनिकोडमध्ये अजून मिळत नाहीत. तिथे कोणाचं ऐकू नका.

आता त्या मशीनची तब्येत. दहा मिनिटं लागतात ती जुन्या हार्ड डिस्कमुळे. तिच्यात तबकडी फिरते, आणि इतकी वर्षं फिरलेली तबकडी कधीही थांबेल. आधी सगळ्या फायली आणि विंडोजमधलं फॉन्टचं पूर्ण फोल्डर एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. हे काम पुढच्या आठवड्यावर टाकू नका. मग दुरुस्तीवाल्याकडून अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली डिस्क, बसवून घ्या, २०११ च्या मशीनला ती चालते. त्याला सांगा की जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवायची, विंडोज नव्यानं टाकायचं नाही. पेजमेकर, कृतिदेव, आयकॉन, सगळं जागच्या जागी राहील आणि मशीन मिनिटाच्या आत उभं राहील. तारीख मागे जाते ती आतल्या सेलमुळे. सीआर२०३२ नावाचा चपटा, नाण्याएवढा सेल असतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो. साधी गोष्ट, पण चुकीच्या तारखेमुळे कोर्टाच्या कागदाचा शेवटचा मसुदा कोणता हे कळत नाही, आणि त्याची किंमत गिऱ्हाईक मोजतो. उन्हाळ्यात कूलरचा झोत मशीनवर येऊ देऊ नका. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा माणसाला तो झोत हवाच, पण ओलसर हवा आणि महालातली धूळ मिळून आतल्या पंख्यावर लगदा बसतो. मार्चमध्ये एकदा उघडून ब्लोअर मारून घ्या.

काळ्या पडद्याचं अगदी थोडक्यात. ती नुसती आवडीची बाब आहे आणि एका सेटिंगनं पांढरा होतो. ज्यांच्या चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर असतो, त्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. मुलीच्या डोळ्यांना काळा बरा वाटत असेल, तिनं तो ठेवावा. तुम्ही पांढरा करा आणि अक्षरं १२५ किंवा १५० टक्के मोठी करा.

लॅपटॉपवर टाइप करायला तुम्हाला तुमची मांडणी मिळेल. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेखन यंत्राची मांडणी निवडून थेट युनिकोड लिहिता येतं. बोटं तीच, बटणं तीच, खाली साठतं ते मात्र खरं मराठी. एका ठिकाणी अडखळाल. ‘कि’ लिहिताना तुमचा हात आधी वेलांटी मारतो, मग क. ‘कोर्ट’मधला रफार तुम्ही ट झाल्यावर देता. युनिकोड उच्चाराच्या क्रमानं साठवतं: आधी क, मग वेलांटी, आधी र्, मग ट. काही साधनं हा क्रम पाठीमागे स्वतः लावून घेतात, काहींत तो हातानं द्यावा लागतो. पहिला आठवडा वेग कमी होईल. गिऱ्हाइकाच्या कामावर सराव करू नका, रोज अर्धा तास वर्तमानपत्रातला मजकूर घ्या.

जुन्या फायली सगळ्या बदलायच्या नाहीत, आयुष्य पुरणार नाही. तुमच्याकडे प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, मृत्युपत्र, खरेदीखत यांचे ठरलेले नमुने असतील, तेवढे आधी बदला. कृतिदेवचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. लोकांचे खासगी कागद मात्र वेबसाइटवर डकवू नका, इंटरनेटशिवाय चालणारा वापरा. बदलून आलेला मजकूर तुम्ही स्वतः वाचा, कारण मशीन नेमकं कुठे चुकतं ते तुमच्याइतकं कोणाला कळणार नाही. वेलांटी आणि रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य बिघडतो. मध्ये आलेले इंग्रजी शब्द, पॅन नंबर, कंस यांना कन्व्हर्टर मराठी समजतो आणि त्यांचं भलतंच करून ठेवतो. गट क्रमांक आणि रकमा बोट ठेवून तपासा. ‘ॲफिडेव्हिट’मधला ॲ तर नक्कीच बघा. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. त्याआधी अ वर वेगळा चंद्र देऊन तो लिहायचे आणि बरेच कन्व्हर्टर अजून तसाच देतात. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, पण शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा नाही. दोन्हींपैकी एक ठरवा आणि सगळीकडे तोच ठेवा.

युनिकोडची अक्षरं रुक्ष वाटतात, ही तक्रार मी तुमच्या पिढीच्या बऱ्याच टायपिस्टांकडून ऐकते. कारण बहुतेकांनी फक्त विंडोजमधला मंगल फॉन्ट पाहिलेला असतो. तो र. कृ. जोशी यांच्यासारख्या मोठ्या अक्षरकारानं केला, पण पडद्यावर वाचण्यासाठी. प्रबंधाला ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट लावून बघा, फुकट आहे. त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत, हिंदी नाहीत. एक पान छापा आणि कृतिदेवच्या पानाशेजारी ठेवा. पत्रिकेच्या कागदावर चालणारी तुमची ती नजर इथेही लागेल.

राहिली मुलगी.

तिनं तुमच्या गैरहजेरीत आयकॉन हलवले, ते चूकच. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन मिसळणाचा डबा नव्यानं लावून ठेवल्यासारखं ते आहे. लावलेला सुरेख असेल, पण फोडणीच्या वेळी मोहरी सापडत नाही. तुमचा राग योग्य होता. पण काका, त्या रविवारी ती तुमच्या दुकानात एकटी बसून होती, तुमच्या शेकडो फायली एकेक उघडून बघत, कोणती कुठे जाते ते ठरवत. सुटीचा अख्खा दिवस गेला असेल. आणि पगारातून घेतलेला लॅपटॉप कपाटात गेल्याचं तिला दिसतच होतं. तिनं जे केलं त्याला ‘बाबांना मदत’ याखेरीज दुसरं नाव नाही. पद्धत चुकली.

तिला फोन करा. लॅपटॉप वापरणार आहे असं मोघम सांगू नका, काम सांगा. म्हणा, मला माझा कीबोर्ड लॅपटॉपला जोडून दे, पडदा पांढरा करून दे, आयएसएम टाकून दे, आणि त्या पोराचा प्रबंध युनिकोडमध्ये करायला माझ्याशेजारी बस. ही चार कामं ती अर्ध्या दिवसात करेल आणि चारही कामांत तिची गरज खरी आहे. आयकॉनांबद्दल एकच अट घाला: हलवायचं असेल तर मला विचारून, मी समोर असताना. ती कबूल करेल. कंपनीत तिच्या मशीनवर कोणी असं केलं असतं तर तिनंही हेच म्हटलं असतं. ओरडल्याबद्दल वेगळं काही बोलायचं असेल तर ते तुम्ही जाणा. त्यात मी पडत नाही.

प्रबंध त्या पोराला नव्यानं द्या, पैसे न घेता. सोबत एक ओळ लिहून द्या की ही फाइल कुठेही उघडेल. विद्यापीठातली पोरं अशा गोष्टी एकमेकांना सांगतात आणि पुढच्या वर्षीचे प्रबंध त्याच वाटेनं तुमच्याकडे येतील.

आणि लॅपटॉप दिवाळीपासून कपाटात बंद आहे असं लिहिलंत. त्याची बॅटरी वापर नसला तरी हळूहळू उतरत जाते आणि पूर्ण उतरून महिनोन्महिने तशीच राहिली तर कायमची खराब होते. हे वाचून झालं की तो बाहेर काढा आणि आज रात्रीच चार्जिंगला लावा.